रोहिणीतला नाथसागर

सुट्टी संपत आली की आपल्या घरोघरी एक ठरलेलं संभाषण होतं. मुलं म्हणतात, "आम्हाला कुठे नेलंच नाही." मुलांचे बाबा म्हणतात, "एवढ्या उन्हात कुठे जायचं?" आणि आपण लोणच्याच्या कैऱ्या फोडायच्या की कुरडयांचा चीक शिजवायचा या विवंचनेत दोघांकडेही कानाडोळा करतो. मैत्रिणींनो, या खेपेला तसं करू नका. मी तुम्हाला एक जागा सांगते. थंड हवेची मुळीच नाही, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर मागाहून मला बोल लावाल.

पैठण म्हटलं की आपल्याला नाथांचा वाडा आठवतो, पैठणी आठवते, फार तर ज्ञानेश्वर उद्यान. मी म्हणते ते याच्याही मागचं, धरणाच्या भिंतीपलीकडचं पाणी. तिथे लोक पावसाळ्यात जातात, दारं उघडलेली बघायला. मी म्हणते एकदा रोहिणी नक्षत्रात जा. २५ मेच्या सुमारास रोहिणी लागतात नि ७-८ जूनला मृग निघतो, त्या पंधरवड्यात. पाणी सगळ्यांत कमी असतं तेव्हा.

आमच्या छत्रपती संभाजीनगराहून (नाव २०२३ साली बदललं, पण माझ्या पिढीच्या तोंडी अजून औरंगाबादच येतं) पैठण पन्नासेक किलोमीटर. वाटेत फारोळा, बिडकीन, ढोरकीन. शहराला जे पाणी येतं ते नाथसागरातून उपसून फारोळ्याला शुद्ध करतात आणि नक्षत्रवाडीच्या टेकडीवर चढवून मग खाली शहरात सोडतात. म्हणजे तुम्ही ज्या रस्त्यानं निघता, त्याच रस्त्यानं तुमच्या हंड्या-घागरीतलं पाणी उलट दिशेनं येत असतं. मला हे लग्न होऊन वीस वर्षं झाल्यावर कळलं. तोवर पाणी नळातून येतं एवढंच ठाऊक!

आता धरणाची थोडी कुळकथा. जायकवाडी हे नाव खरं म्हणजे पैठणचं नाहीच. बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावापाशी धरण बांधायचं आधी घाटत होतं. जागा पैठणला सरकली, नाव मात्र तेच राहिलं. मुलगी बदलली पण पत्रिका जुनीच वाटली, असा प्रकार. १८ ऑक्टोबर १९६५ला पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली आणि २४ फेब्रुवारी १९७६ला इंदिरा गांधींच्या हस्ते धरणाचं लोकार्पण झालं. मातीची भिंत जवळजवळ दहा किलोमीटर लांब, दारं २७. धरण भरलं की पाणी पन्नास-पंचावन्न किलोमीटर मागे पसरतं, मधे कुठेकुठे रुंदी पंचवीस किलोमीटरच्या घरात जाते. नाथमहाराजांच्या नावावरून या पाण्याला नाथसागर म्हणतात, आणि सागर शब्दात अतिशयोक्ती अजिबात नाही. पलीकडचा काठ दिसतच नाही.

पण त्या सागराच्या खाली शंभराच्या वर गावांची जमीन गेली. त्यातलं एक गाव माझ्या सासरचं. नाव देत नाही, कारण नकाशावर ते आता दुसऱ्याच जागी आहे, पुढे "नवीन" लावून.

उन्हाळ्याच्या शेवटी हे पाणी कसं दिसतं ते सांगते. भरलेल्या धरणाचा काठ जिथे होता, तिथून पाणी कुठे एक, कुठे चार किलोमीटर आत सरकलेलं असतं. मधली सगळी जमीन म्हणजे काळा गाळ. पाणी हटेल तशी लोक त्या गाळात पिकं घेतात, त्याला गाळपेर म्हणतात. टरबूज, काकडी, जनावरांना चारा. आजूबाजूच्या रानात गवताची काडी नसते आणि धरणाच्या पोटात हिरवंगार असतं, उलटाच न्याय. पाण्याच्या कडेला उथळ भागात पक्षी. १९८६ साली हा भाग अभयारण्य जाहीर झाला, हिवाळ्यात परदेशी पक्षी येतात ते वेगळे; पण रोहित पक्ष्यांचा थवा मी ऐन मेमध्येही पाहिला आहे. उन्हाच्या झळांमुळे त्यांचे पाय दिसत नव्हते, नुसत्या गुलाबी चिंध्या हवेत तरंगल्यासारख्या.

आणि पाणी जातं कुठे? शेतीला जातं, कारखान्यांना जातं, आपल्याला जातं, हे खरंच. पण मे महिन्यात आपण सगळं शहर मिळून जेवढं पितो, त्याच्या कितीतरी पट पाणी ऊन पिऊन टाकतं. पसरट भांड्यात ठेवलेलं दूध लवकर आटतं, तसंच हे. नाथसागर पसरट आहे, खोल नाही.

नाथसागरच काय, उन्हाळा संपताना मराठवाड्यातल्या सगळ्या मोठ्या पाण्यांची थोड्याफार फरकानं हीच तऱ्हा. सिंदफणेवरचं माजलगाव, पूर्णेवरचं येलदरी, आमचा शहराजवळचा हर्सूल तलाव. कुठेही गेलात तरी तीन गोष्टी ध्यानात ठेवायच्या: वरून वाळलेला गाळ आतून ओला असतो, पाण्याखाली झाडांचे खुंट नि विहिरींचे कठडे असतात, आणि सकाळचं पाणी नि दुपारचं पाणी एक नसतं. ही तिसरी गोष्ट आम्ही कशी शिकलो, ते ऐका.

२०१९चा मे महिना संपत आला होता. त्या वर्षीचा दुष्काळ तुम्हाला आठवत असेल. धरणाची एकूण साठवण १०२ टीएमसी, त्यातला तळाचा २६ टीएमसी म्हणजे मृतसाठा, एरवी त्याला हात लावत नाहीत. त्या साली पाणी मृतसाठ्यातही खाली उतरलं होतं आणि शहरानं प्यायचं पाणी त्यातूनच उपसायचं अशी वेळ आली होती. आमच्या गल्लीत सहा दिवसांनी नळ यायचा. सासूबाई रोज वर्तमानपत्रातला पाणीसाठा मोठ्यानं वाचून घ्यायच्या. एकदा म्हणाल्या, "मृतसाठा म्हणतात, पण मासे तर जिवंत आहेत की त्यात. मेलेलं कसं?" मला उत्तर सुचलं नाही.

मग एक दिवस नव्या गावाहून दिरांचा निरोप आला की जुनं गाव उघडं पडलंय.

सासूबाईंचं वय तेव्हा सत्त्याहत्तर. सोळाव्या वर्षी लग्न होऊन त्या गावात आल्या आणि पाणी चढायला लागलं तेव्हा दोन पोरं नि चार भांडी बैलगाडीत घालून बाहेर पडल्या. त्यानंतर जुन्या गावाबद्दल त्यांच्या तोंडून मी फारसं काही ऐकलं नव्हतं. निरोप आला त्या रात्री जेवताना एवढंच म्हणाल्या, "मला नेऊन दाखव." मुलाला नाही म्हणाल्या, मला म्हणाल्या. आमच्या ह्यांना गुडघ्याचा त्रास. त्यांना माहीत होतं, नेलं तर मीच नेणार.

आता अडचण अशी की जुन्या गावाची जागा काठापासून दोनेक किलोमीटर आत, एका उंचवट्यावर. आणि मधे असा गाळ की माणूस मांडीपर्यंत रुतेल. जायचं तर नावेनंच. दिरांनी एका मासेमारी करणाऱ्या जोडप्याला विचारलं. त्यांची नाव पत्र्याची, डांबर फासलेली. काठावर थर्माकोलचे चप्पूही होते, एकेकटे तरुण त्यावर बसून जाळी टाकायला जातात. बघूनच माझ्या पोटात गोळा आला. त्यापेक्षा नाव बरी. नवरा वल्हं मारणार आणि बायको पुढे बसून बांबूनं तळ चाचपत वाट दाखवणार. ती माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान असेल, पण मी तिला वहिनी म्हटलं नि ती मला ताई.

इथे आणखी एक सांगायला हवं. आमच्या सासरी माळ आहे. सासूबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ, पंढरीची वारी, घरात अंडंसुद्धा येत नाही. मी माहेरची मासे खाणारी. लग्नानंतर मागच्या गॅलरीत, वेगळ्या स्टोव्हवर, वेगळ्या पातेल्यात मी आणि मुलं आमची हौस भागवायचो आणि सासूबाई त्या दिवशी देवळात कीर्तनाला जायच्या. असा आमचा वर्षानुवर्षांचा तह. आणि आता त्यांना बसायचं होतं मासळीच्या नावेत! पदर नाकाला लावून बसल्या, पण बसल्या.

सकाळी साडेसहाला निघालो तेव्हा पाणी कसं होतं म्हणून सांगू! ताटात तेल ओतावं तसं. वहिनी म्हणाली, "ताई, धाच्या आत काठाला लागायचं. मंग माझ्या हातात न्हाई." मी हो म्हटलं. शहरातल्या बायका हो म्हणतात तसं.

यामागचं कारण मला नंतर उमगलं. नाथसागर पश्चिमेकडून पूर्वेकडे लांब पसरलेला आहे आणि उन्हाळ्यातलं वारंही पश्चिमेचंच. जमीन तापली की दहा-साडेदहाला ते सुटतं आणि मैलोन्‌मैल मोकळ्या पाण्यावरून येताना लाटांना जोर चढत जातो. म्हणून भिंतीकडच्या अंगाला लाट मोठी. पाणी कमी म्हणजे लाट लहान, असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. उथळ पाण्यात लाट आखूड नि उभी होते, नावेला एकामागून एक थपडा मारते. संध्याकाळी वारं पडतं म्हणावं, तर या दिवसांत दुपारनंतर वळवाचा पाऊस कधी गाठेल याचा नेम नाही. वहिनीनं सांगितलेली खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे: ज्या वेळेला वारं असायला हवं त्या वेळेला पाणी एकाएकी गप्प पडलं, की जाळं तसंच सोडून काठ गाठायचा. म्हणजे नावेतून जायचं ते उजाडताना, आणि मासे घ्यायचे तेही सकाळीच.

गाव आलं. गाव म्हणजे काय, दगडांच्या ओळी. घरांची जोती, पाराचे दगड, मारुतीच्या देवळाचा चौथरा. मारुतीला तेव्हाच नव्या गावी नेलं होतं. सगळीकडे शिंपल्यांचा पांढरा सडा, पायाखाली करकर वाजत होता. सासूबाईंनी चप्पल काढली. मी म्हटलं, "आई, पाय पोळतील, कापतील." त्या काही बोलल्या नाहीत. विहीर शोधली, ती गाळानं बुजलेली. तिथून मोजत गेल्या, एक, दोन, तीन, आणि तिसऱ्या जोत्यावर चढून उभ्या राहिल्या. "ही ओसरी. हे माजघर. इथं तुझा नवरा झाला."

माजघराच्या कोपऱ्यात जमिनीत पुरलेलं दगडी उखळ जागच्या जागी होतं. तोंडापर्यंत गाळ भरलेला. त्या खाली बसल्या आणि बोटांनी गाळ काढायला लागल्या. मी मदत करायला गेले तर म्हणाल्या, "राहू दे, माझं आहे ते."

साडेनऊ झाले. वहिनीनं हाक मारली. दहा झाले. सासूबाई कोणाचं घर कुठलं ते सांगत होत्या. कोणाच्या परसात चिंच होती, कोणाकडे विरजण मागायला जायचं, कोणाचं मूल पटकीत गेलं. चव्वेचाळीस वर्षं न बोललेली बाई बोलत होती, आणि मी घड्याळ दाखवून तिला गप्प कशी करणार? इथे माझं चुकलं. कारण नावेत आम्ही दोघीच नव्हतो. त्या दोघांचा जीव नि त्यांची नावही होती, आणि ते मी धरलंच नव्हतं. शेवटी वहिनी वर आली, सासूबाईंच्या दंडाला हात लावून म्हणाली, "माय, गाव कुठं जात न्हाई. वारं मातर येतंय."

निघालो तेव्हा पावणेअकरा झाले होते. निम्म्या वाटेवर वारं सुटलं. पहिल्या चार लाटा मजेच्या वाटल्या. मग पाणी आत यायला लागलं. वहिनीनं सासूबाईंना नावेच्या तळाशी आडवं निजवलं, भिजलेल्या जाळ्यावर, आणि मला पातेलं दिलं पाणी उपसायला. तेवढ्यात खालून धाडकन आवाज झाला आणि नाव एका अंगावर कलली. पाण्याखालच्या बाभळीच्या खुंटावर बसली होती. मला पोहता येत नाही. अंगावर त्या फुगवलेल्या जाकिटासारखं काही नाही, नुसती नेसूची सुती साडी. वहिनी सरळ पाण्यात उतरली. छातीइतकं होतं. खांदा लावून तिनं नाव सोडवली, आणि नवऱ्याला ओरडून सांगितलं की काठ सोड, दांडीकडे घे.

जमिनीची एक लांब चिंचोळी दांडी पाण्यात घुसली होती, तिच्या आडोशाला पाणी शांत होतं. तिथे टेकलो. मासेमारांचा तळ होता तो. चार बांबूंवर ताडपत्री, खाली बर्फाच्या पेट्या, माठ, पाच-सहा बायका मासळी निवडत बसलेल्या. दांडीवरून गाळपेरीच्या वाटेनं काठाला ट्रॅक्टर जात होता, पण तो दोन तासांनी परत येणार होता. तेवढा वेळ आम्ही त्या ताडपत्रीखाली बसलो. सासूबाईंच्या ओठांना कोरड पडली होती. वहिनीनं माठातलं पाणी तांब्यात घेतलं, पण पुढे केलं नाही, माळेकडे बघत तशीच थांबली. सासूबाईंनी स्वतः हात पुढे केला आणि घटाघटा प्यायल्या. मग म्हणाल्या, "अजून दे."

त्या दोन तासांत मासळीबद्दल जे ऐकलं ते मी बाजारात तीस वर्षं घासाघीस करून शिकले नव्हते. तुमच्या उपयोगाचं आहे म्हणून सांगते.

पाणी आटलं की मासे थोड्या जागेत गोळा होतात, जाळ्यात भराभर येतात. म्हणून या दिवसांत गोड्या पाण्यातली मासळी पुष्कळ. पण सगळ्यांनाच पुष्कळ मिळते, म्हणून भाव पडतो, आणि ऊन असं की अकरानंतर माल टिकत नाही. काठावर जो भाव, त्याच्या दुप्पट आपण शहरात देतो. मधला पैसा बर्फाचा, गाडीचा नि व्यापाऱ्याचा. "लई घावतंय म्हून लोकं म्हनतात चांगलं चाललंय," वहिनी म्हणाली. "आवं, हे पुढल्या सालाचं खाऊन ऱ्हायलोत."

ते कसं, तेही तिनं दाखवलं. रोहू, कटला आणि मृगळ हे मोठे मासे. साचलेल्या पाण्यात ते अंडी घालत नाहीत. पावसाळ्यात नवा लोंढा आला की वाहत्या पाण्यात वर चढून घालतात. म्हणजे मेअखेर पोट फुगलेली मादी जाळ्यात आली, की तिच्याबरोबर लाखावर अंडी गेली. म्हणून पावसाळ्यातल्या विणीच्या दिवसांत मासेमारी बंद ठेवावी असा दंडक आहे. आपल्या समुद्रावर तर १ जून ते ३१ जुलै बंदीच असते. धरणात दर वर्षी मत्स्यबीज सोडतात खरं. हे बीज तयार करायची युक्ती हिरालाल चौधुरी या शास्त्रज्ञानं ओडिशात १० जुलै १९५७ला साधली, माशाला सुई टोचून तळ्याच्या पाण्यातच अंडी घालायला लावायची. म्हणून १० जुलै हा मत्स्यशेतकऱ्यांचा दिवस. पण सोडलेलं बोटभर पिल्लू मोठं होईतो बारीक जाळ्यात सापडलं, की तो खर्चही पाण्यातच!

मी शहाणपणानं विचारलं, "मग अंड्यांची मादी सोडून का देत नाही?" वहिनी हसली. "आमी सोडली तर फुडला धरतो, ताई. समद्यांनी सोडायची म्हनलं तर सोडू की."

मी काही बोलले नाही. पण त्या दिवसापासून जून ते ऑगस्ट मी पोट फुगलेला मासा घेत नाही, कोळीण कितीही म्हणो की गाबोळी चवीला फार छान. मागणाराच नसेल तर धरणारा थोडा तरी विचार करील, असं माझं आपलं मत.

चिलापीची गोष्ट निराळी. हा मूळ आफ्रिकेतला, आपल्याकडे १९५२ साली आणलेला. मादी अंडी नि पिल्लं तोंडात सांभाळते, साचलेल्या पाण्यात वर्षभर वाढते, आणि आपल्या देशी माशांचं खाणं फस्त करते. तो खुशाल घ्या, स्वस्त असतो नि काटेही आवरतात. मरळ महाग, पण आजारातून उठलेल्याला नि बाळंतिणीला आवर्जून देतात, काटे कमी. मरळीला वरची हवा घेता येते, म्हणून पाणी आटून गाळ उरला तरी ती तग धरते. बाकीच्या माशांचं तसं नाही. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी, रात्रीतून तो आणखी घटतो, आणि पहाटे मासे पृष्ठावर येऊन तोंडं उघडतात. कधी कधी असे मेलेले मासे काठाला लागतात. स्वस्तात मिळाले तरी ते घरात आणायचे नाहीत. मांगूर मागताना जपून. आफ्रिकी मांगुरावर आपल्या देशात २००० सालापासून बंदी आहे, तरी चोरून विकतात.

ताजेपणा ओळखायचा तो कल्ले उघडून, लाल हवेत. डोळा फुगीर नि चकचकीत, आणि बोटानं दाबलं तर खळगा राहता कामा नये. उन्हाळ्यातल्या धरणाच्या माशाला मातकट वास येतो, पाण्यातल्या शेवाळामुळे. त्याला उपाय सोपा. तुकड्यांना मीठ, हळद आणि चिंचेचा कोळ चोळून अर्धा तास ठेवावं, ते पाणी ओतून द्यावं नि मगच वाटण लावावं. मी सुकं खोबरं, कांदा भाजून, लसूण नि काळा मसाला घेते. वहिनी मूठभर येसर लावते. तिचं कालवण माझ्यापेक्षा चांगलं होतं, हे मी खाल्लंय म्हणून सांगते. बरोबर ज्वारीची भाकरी, भात नंतर.

तुम्ही जाल तेव्हा काय करायचं ते आता तुमच्या लक्षात आलंच असेल. उजाडताना काठावर पोचा. पाणी, टोप्या, गुळाचा खडा नि कांदा बरोबर असू द्या. मुलांना वाळलेल्या गाळावर धावू देऊ नका. अभयारण्याचा भाग आहे, परवानगीचं काय ते वनखात्याच्या कार्यालयात विचारून घ्या. मासेमारीची नाव ही प्रवाशांची नाव नव्हे. अंगात घालायचं जाकीट मिळत नसेल तर काठावरूनच बघा, तिथूनही खूप दिसतं. आम्ही गेलो ते शहाणपणाचं होतं, असं मी म्हणणार नाही. आणि मासे घ्यायचे तर काठावर निवडत बसलेल्या बाईकडून घ्या, भाव पाडून मागू नका. त्या पेटीतला बर्फ तिनं रोख पैसे देऊन आणलेला असतो.

ट्रॅक्टर आला तेव्हा एक वाजून गेला होता. ट्रॉलीत बसताना सासूबाईंनी वहिनीच्या हातात पदराच्या गाठीतले शंभर रुपये कोंबले. नावेचे आम्ही आधीच दिले होते. वहिनीनं त्याच्या बदल्यात पिशवीत दोन चिलापी घातल्या, अगदी सवयीनं. मी घाईघाईनं परत द्यायला गेले, तर सासूबाई म्हणाल्या, "असू दे. पोरांना होतील." त्या रात्री मी गॅलरीत कालवण केलं आणि त्या कीर्तनाला गेल्या नाहीत, आतल्या खोलीत माळ ओढत बसल्या.

त्या साली आमच्याकडे पाऊस यथातथाच. जुलै संपला तरी विहिरींना पाणी नव्हतं. पण नाशिककडे धो धो कोसळला, तिकडची धरणं भरून गोदावरीला लोंढे आले आणि आमच्या अंगणात चिखलही झालेला नसताना नाथसागर चढायला लागला. ऑगस्टच्या मध्यापर्यंत तळाला गेलेलं धरण नव्वद टक्क्यांच्या वर भरलं. त्याच सुमारास एका सकाळी वहिनीचा फोन आला. जाळी बंद होती, घरीच होती ती, पोरीच्या शाळेचं काही विचारायचं होतं. बोलून झाल्यावर म्हणाली, "आजींना सांगा, उखळावर लई पानी चढलं बगा."

मी फोन तसाच सासूबाईंच्या कानाला लावला.